हनुवटी : एका अवयवनामाचा इतिहास

मावळात, कुसगावसारख्या गावी, मारुतीला ‘हणमंत’ म्हणतात आणि मुखाच्या खालच्या टोकाला ‘हनुवटी’. दोन्ही शब्दांच्या मुळाशी संस्कृत ‘हनु’ हाच शब्द आहे. असे असता एकात ‘ण’ व दुसऱ्यात ‘न’ का, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे. त्यासाठी प्रथम युरोपातील समांतर उदाहरण पाहू.

लॅटिनमध्ये हनुवटीला ‘मेन्तुम्’ म्हणत. त्याचा वारसा इटालियन ‘मेन्तो’ व फ्रेंच ‘मांतों’ यांनी राखला. स्पॅनिश ‘बार्बिया’ व रूमानियन ‘बर्बिए’ हे शब्द मात्र ‘बार्बा’ म्हणजे दाढी यावरून आले. गोव्यात १५१० ते १९६१ पर्यंत ज्यांची सत्ता होती, त्या पोर्तुगीजांचा ‘केइशु’ हा शब्द पेटीवाचक ‘काप्सा’पासून निघाला, असे मानतात. एकाच भाषेच्या या कन्या. तरी अवयव तोच असूनही शब्द निरनिराळे. अर्थसाम्य हा शब्दांच्या नात्याचा पुरावा नव्हे, हे यावरून दिसते.

‘हनु’च्या कुळात याच्या उलट प्रकार आढळतो. संस्कृत ‘हनु’ व ग्रीक ‘गेनुस्’ म्हणजे जबडा. लॅटिन ‘गेना’ म्हणजे गाल. इंग्रजी ‘चिन’ व जर्मन ‘किन’ म्हणजे हनुवटी. अर्थ शेजारच्या अवयवावर सरकला, परंतु नाते टिकले. कारण मूळ ‘ग’चा जर्मानिक भाषांत ‘क’ होणे नियमित आहे. हा नियम ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. मात्र संस्कृतात येथे ‘ज’ अपेक्षित होता. लॅटिन ‘गेनु’ (गुडघा) याच्यासमोर संस्कृतात ‘जानु’च आहे. ‘हनु’मधील ‘ह’ हा अपवाद होय. त्यावर ‘हन्’ धातूचा परिणाम झाला असावा, असे काही विद्वान मानतात.

आता मूळ प्रश्न. स्वरांमधील संस्कृत ‘न’चा मराठीत ‘ण’ होतो : पानीय–पाणी, स्थान–ठाणे. प्राकृतातही ‘हणु’ असेच रूप आहे. तेव्हा ‘हणमंत’ हे रूप लोकमुखातून परंपरेने आले, आणि ‘हनुवटी’तील ‘न’ संस्कृताच्या प्रभावाने टिकला किंवा परत आला, असे अनुमान करणे प्राप्त आहे. घरगुती वाटणारा प्रत्येक शब्द वारशानेच आलेला असतो असे नाही. त्याची साक्ष अर्थापेक्षा ध्वनीकडे मागावी, हेच इष्ट.