वन्यप्राण्यांपासून आत्मसंरक्षण आणि पिस्तुलाची निवड : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील तालमींनी मर्दानी खेळांची परंपरा जतन केली आहे. पट्टा, विटा, भाला, लाठी व माडू ही या आखाड्यांतील प्रमुख शस्त्रे होत. त्यांत बंदुकीला वा पिस्तुलाला स्थान नाही. दुसरीकडे, याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात राधानगरी-दाजीपूरचे गव्यांचे जंगल आहे. डिसेंबर २०२१ मध्ये शहरालगत आलेल्या गव्याच्या हल्ल्यात भुयेवाडी परिसरातील एका तरुणाचा मृत्यू झाला. २००२ नंतर कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर चंदगड व आजरा तालुक्यांतही सुरू झाला. अशा प्राण्यांपासून बचावासाठी माणसाने कोणते शस्त्र, त्यातही कोणत्या बोअरचे पिस्तूल बाळगावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. तथापि या परिसरात त्याचे उत्तर प्राण्याच्या बळापेक्षा सत्तेच्या व कायद्याच्या स्वरूपावर अवलंबून राहिले, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

हौदा पिस्तूल व संस्थानी शिकार :
एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकारी हत्तीवरून वाघाची शिकार करीत. जखमी वाघ हत्तीवर चढून हौद्यापर्यंत येई, तेव्हा लांब नळीची रायफल वळविण्यास अवकाश नसे. या गरजेतून ‘हौदा पिस्तूल’ निर्माण झाले. आरंभी रायफलीच्याच नळ्या आखूड करून ते तयार करीत. पुढे ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर व्यासाच्या जोडनळीची पिस्तुले इंग्लंडमध्ये बनू लागली. अवघ्या काही फुटांवरून, एक-दोन गोळ्यांत प्राणी थांबविणे एवढाच त्यांचा हेतू होता. शिकारीचे मुख्य शस्त्र रायफलच राहिले आणि पिस्तूल हा शेवटचा उपाय ठरला.

कोल्हापूर संस्थानात शिकारीची परंपरा समृद्ध होती. राजर्षी शाहू महाराज (१८७४-१९२२) रानडुकराची भाल्याने शिकार करण्यात निष्णात होते आणि दाजीपूरचे रान संस्थानाचे शिकारीचे राखीव क्षेत्र होते. याच काळातील साठमारीचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. साठमारीत माणूस मस्त हत्तीला भाल्याने डिवचून मैदानात पळत असे. त्याचा बचाव भाल्याने होत नसे. मैदानातील दगडी बुरुजांच्या अरुंद वाटांतून माणूस आत शिरू शके, हत्ती शिरू शकत नसे. जीव वाचविण्याचे काम तेथे शस्त्राऐवजी रचनेने केले.

निःशस्त्र प्रजा :
राजाला शस्त्रनिवडीचे स्वातंत्र्य होते, प्रजेला नव्हते. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीचा उठाव झाला. त्यानंतरच्या काळात दक्षिण महाराष्ट्रात लोकांकडील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण राबविण्यात आले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. या धोरणामागे बंडाचे भय होते. रानालगतच्या कुणब्याला डुकरापासून पीक व जीव राखण्यासाठी काय लागते, हा विचार त्यात दुय्यम राहिला.

स्वातंत्र्योत्तर कायदा :
१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५९ च्या शस्त्र कायद्याने संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक व पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद केली. ०.३८, ०.४५५ व ९ मिलिमीटर यांसारखे सैन्य-पोलिसांचे बोअर सामान्य नागरिकास प्रतिबंधित राहिले. परिणामी परवानाधारकाच्या हाती प्रामुख्याने ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल आले.

या बोअरच्या गोळीची ऊर्जा साधारणतः १५० ते २०० जूल असते. अमेरिकेत १९५५ मध्ये आलेल्या व अस्वलांच्या प्रदेशात बाळगल्या जाणाऱ्या ०.४४ मॅग्नमची ऊर्जा सुमारे १३०० जूल, तर मोठ्या प्राण्यांसाठीच्या ०.३७५ रायफलीची ५५०० जूलहून अधिक असते. प्रौढ नर गव्याचे वजन ७०० ते १००० किलोपर्यंत भरते. धावून येणाऱ्या अशा प्राण्यास ०.३२ ची गोळी थोपवील, ही अपेक्षा व्यर्थ होय. उलट जखमी गवा अधिक धोकादायक ठरतो. म्हणजे परवान्याचे पिस्तूल माणसाविरुद्धच्या संरक्षणाचे व प्रतिष्ठेचे साधन आहे. रानात त्याचा उपयोग फार तर आवाजापुरता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या प्रश्नाला नवे परिमाण दिले. कलम ११ नुसार सद्हेतूने स्वतःच्या वा अन्य व्यक्तीच्या बचावासाठी वन्यप्राणी मारणे गुन्हा ठरत नाही. मात्र कलम ३१ नुसार अभयारण्यात विनापरवानगी शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतील शस्त्रपरवान्यांची नोंदणी आवश्यक असून, नवीन परवान्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. दाजीपूर १९५८ मध्ये संरक्षित झाले व १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरवर गेला. गव्याचा धोका ज्या गावांना सर्वाधिक, तेथेच शस्त्र मिळणे सर्वाधिक कठीण झाले. बचावाचा हक्क मान्य, परंतु साधन नियंत्रित, असा हा विरोधाभास आहे.

समारोप :
हा विरोधाभास अधिक मोठ्या बोअरचे परवाने देऊन सुटणारा नाही. शिकारीस बंदी नसती, तर राधानगरीतील गवा आजच्या संख्येने टिकला असता काय, याविषयी शंका आहे. हौदा पिस्तुलाच्या काळातही पिस्तूल हा शेवटच्या क्षणाचाच उपाय होता आणि साठमारीत माणूस वाचला तो बुरुजामुळे. तथापि यातून शासनावर एक दायित्व निश्चितपणे येते. ज्या सत्तेने जनतेच्या हातातील शस्त्र स्वतःच्या नियंत्रणात घेतले, तिने संरक्षणाची जबाबदारीही स्वीकारली आहे. चर व कुंपण, वेळेवर सूचना, प्रशिक्षित वनपथके आणि विनाविलंब भरपाई हे आजच्या साठमारीचे बुरूज होत. ते उभे राहिले नाहीत, तर १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणाचा भार रानालगतचा शेतकरीच वाहत राहील.