नॅनोचांदी : नाव नवे, औषध जुने

प्रतिजैविके निकामी होत चालली, आता नॅनोकणच वाचवणार, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. काळजी खरी आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 साली जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. त्यावर उपाय म्हणून अनेक प्रयोगशाळांतले तरुण संशोधक धातूंच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करत आहेत. त्यात सगळ्यात जास्त बोलबाला चांदीचा. पण ही चांदी आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे, आणि ती ओळख बरीच जुनी आहे.

1880 च्या सुमाराचे जर्मनीतले लाइपझिग शहर. प्रसूतीच्या वेळी आईच्या गनोरियाचे जंतू बाळाच्या डोळ्यांत जात आणि कित्येक बाळे कायमची आंधळी होत. कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञांनी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत 2 टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णालयात दर शंभर बाळांमागे दहाच्या आसपास असलेले हे प्रमाण एकाच्याही खाली आले. डोळे चुरचुरत, लाल होत, पण दृष्टी वाचे. पुढे कित्येक दशके जगभर हा थेंब वापरला गेला.

1889 मध्ये अमेरिकेत मॅथ्यू कॅरी ली या रसायनतज्ज्ञाने पाण्यात तरंगणारे चांदीचे कण तयार केले. आजच्या मापाने ते दहा नॅनोमीटरच्या आतबाहेरचे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तेव्हा नॅनो हा शब्द प्रचारात नव्हता, 'कोलॉइडल' म्हणत. शतक संपण्याआधीच क्रेडे यांचे चिरंजीव, शल्यचिकित्सक बेनो क्रेडे, यांनी अशीच चांदी 'कोलार्गोल' या नावाने जखमांसाठी आणली. पुढे अमेरिकेत अल्बर्ट बार्न्स हे 'आर्जिरॉल' नावाचे चांदीचे औषध विकून इतके श्रीमंत झाले की फिलाडेल्फियातला रेनवार, सेझान यांच्या चित्रांचा प्रचंड संग्रह त्याच पैशातून उभा राहिला!

कण बारीक केल्याने काय होते? एक सेंटीमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटीमीटर. त्याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो, म्हणजे साधारण आठ टू-बीएचके फ्लॅटची फरशी. पृष्ठभाग वाढला की चांदीचे आयन भराभर सुटतात. ते जिवाणूच्या आवरणाला इजा करतात, त्याच्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात, त्याचे श्वसन बिघडवतात. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसल्यावर जंतूला प्रतिकार जमणार नाही, असा तर्क यातूनच आला.

सल्फा आणि पेनिसिलिन आल्यावर चांदी मागे पडली. ती परतली 1960 च्या दशकात, भाजलेल्यांच्या वॉर्डात. आधी सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या, मग 1968 मध्ये चार्ल्स फॉक्स यांचे सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर लावायचे ते पांढरे मलम. ते तुमच्याही घरी कधीतरी आलेले असेल.

आणि इथेच तो तर्क अडखळला. अशाच एका वॉर्डात, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, साल्मोनेलाचा संसर्ग पसरला. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार तो जंतू अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देत नव्हता, आणि सिल्व्हर नायट्रेटलाही नाही. पुढे 1999 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी त्याच्यातली जनुके उलगडली. आत आलेली चांदी काही प्रथिने धरून ठेवत आणि काही बाहेर उपसून टाकत. मला जास्त धास्ती वाटते ती पुढच्या गोष्टीची : ही जनुके प्लास्मिडवर होती. प्लास्मिड म्हणजे डीएनएचे छोटे कडे, जे एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. त्यामुळे चांदी उगाच वापरली, तर चांदीला पुरून उरणारे जंतूच आपण निवडत जातो.

म्हणूनच ऑनलाइन मिळणारे 'नॅनो सिल्व्हर'चे थेंब पिऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 मध्येच अशी उत्पादने सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत असे जाहीर केले. शिवाय चांदी कातडीत साठते आणि माणूस निळसर-राखाडी पडतो. हा रंग जवळपास कायमचाच. जखमेवरच्या चांदीच्या पट्टीची गोष्ट वेगळी; ती डॉक्टर ठरवतील तितके दिवस वापरावी.

संशोधन थांबलेले नाही. 2018 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स विद्यापीठातील गटाने ई-कोलाय आणि स्यूडोमोनास यांना पिढ्यान्‌पिढ्या नॅनोचांदीच्या सहवासात वाढवले. जंतूंनी जनुके न बदलताच तोड काढली. आपल्या शेपटीसारख्या अवयवाचे फ्लॅजेलिन हे प्रथिन ते बाहेर सोडू लागले, त्यामुळे चांदीचे कण गोळा होऊन बसले आणि त्यांचा जोर गेला. फ्लॅजेलिन बनणे रोखणारा एक पदार्थही त्या गटाला सापडला : डाळिंबाच्या सालीचा अर्क. अर्थात हे सारे प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंवरचे निष्कर्ष आहेत, तेव्हा कृपया आजपासून साली उकळून प्यायला लागू नका.