टॉवरची भीती आणि खिशातला मोबाईल

"डॉक्टर, गावात टॉवर उभा राहतोय. आता कॅन्सर वाढेल का?" चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा प्रश्न अजूनही विचारला जातो. ही भीती आली कुठून, हे आधी पाहू. ते कळलं की काळजी नेमकी कशाची घ्यायची, तेही आपोआप कळतं.

एका शब्दाने केलेला घोळ

१८९५ साली राँटजेन यांनी एक्स-रे शोधला. त्याच वर्षी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तारेशिवाय, लहरींच्या मदतीने दूरची घंटा वाजवून दाखवली. दोन्हींना आपण 'रेडिएशन' म्हणतो, पण दोन्हींत फार फरक आहे. एक्स-रे आणि कॅन्सरच्या रुग्णाला देतात तो 'शेक' यांच्यात पेशीतल्या डीएनएला इजा करण्याइतकी ऊर्जा असते. मोबाईलच्या रेडिओ लहरींत तेवढी ऊर्जा नसते. त्यांचा शरीरावर पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊतींचं किंचित तापणं. सुरक्षेच्या मर्यादा त्यावरूनच ठरल्या आहेत.

मोबाईल आला, मागोमाग भीतीही आली

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला. शहरांत टॉवर वाढत गेले. २०१० मध्ये मुंबई आयआयटीचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या किरणांबद्दल इशारा देणारा अहवाल दिला. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना '२-ब' गटात टाकलं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. हँडसेटसाठी 'सार' म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोमागे १.६ वॅट ठरली.

'२-ब' म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक, पण पुरावा अपुरा'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. तंबाखू आणि सुपारी मात्र गट १ मध्ये, म्हणजे 'नक्की कर्करोगकारक'. टॉवरला घाबरणाऱ्या माणसाच्या खिशात खर्र्याची पुडी असेल, तर धोका टॉवरवर नाही, त्या पुडीत आहे.

२०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २२ देशांतले ६३ अभ्यास तपासले होते. दहा वर्षांहून अधिक काळ मोबाईल वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

आपल्या जंगलातली गोष्ट वेगळी

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडच्या अनेक गावांना रेंजची फार वाट पाहावी लागली. नक्षलवाद्यांनी टॉवर जाळल्याच्या घटनाही घडल्या. २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या नक्षलग्रस्त भागांसाठी टॉवरची योजना मंजूर केली आणि २०२२ मध्ये त्यातली २,३४३ ठिकाणं फोरजी करायला मान्यता दिली.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. मोबाईल स्वतःची ताकद गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. टॉवर जवळ असला, रेंज चांगली असली की तो हळू 'बोलतो'. टॉवर दूर असला, मध्ये डोंगर किंवा दाट झाडी असली की त्याला जोर लावावा लागतो. टूजी फोन जास्तीत जास्त २ वॅटपर्यंत जातो, थ्रीजी-फोरजी फोन साधारण पाव वॅटपर्यंत. शिवाय आपल्या डोक्याजवळ फोन असतो, टॉवर नव्हे. म्हणजे गावाजवळ टॉवर नसला तर आपल्यावरच्या लहरी कमी होतीलच असं नाही. फोन कानाला लावून बोलणाऱ्याच्या बाबतीत त्या वाढतातही.

मग काय करायचं?

- रेंजची एकच कांडी असेल तर लांबलचक गप्पा टाळा. मेसेज करा किंवा मोकळ्या, उंच जागी जाऊन बोला.
- स्पीकर किंवा इअरफोन वापरा. फोन थोडा दूर धरला तरी डोक्यावर येणाऱ्या लहरी झपाट्याने कमी होतात.
- मोहफुलं किंवा तेंदूपत्ता गोळा करताना मात्र कानात इअरफोन नको. तिथे कान वाघ-अस्वलासाठी मोकळे हवेत.
- झोपताना फोन उशीखाली ठेवू नका.
- पेसमेकर असेल तर फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. त्या बाजूच्या शर्टाच्या खिशात नको आणि बोलतानाही दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा.
- 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर घेऊ नका. सिग्नल अडला तर फोन उलट जास्त जोर लावतो.
- फोनची 'सार' किंमत पाहायची असेल तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा.
- गाडी चालवताना फोन नकोच. मोबाईलमुळे जीव जाण्याचा खरा, रोजचा धोका हाच आहे.

आणि गावात टॉवरला विरोध करायची बैठक बसली, तर एक गोष्ट तिथे जरूर मांडा. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. साप चावलेल्या माणसासाठी किंवा अडलेल्या बाळंतिणीसाठी ती बोलवायची तर आधी फोन लागावा लागतो. रेंज नसल्यामुळे वाया गेलेला तास त्यांच्या जिवावर बेतू शकतो. टॉवर नियमांत बसतो की नाही, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. पण नुसत्या भीतीपोटी तो परत पाठवू नका.