बाकारो

* बाकारो : व्हेनिसमधील छोटी मद्यशाळा, गिऱ्हाईक बहुधा उभ्यानेच खाते. काचेआड ‘चिकेत्ती’ मांडलेली असतात. पावाच्या किंवा मक्याच्या पोलेंताच्या तुकड्यावर तेलात घोटून लोण्यासारखा केलेला सुका कॉड; तसेच कांदा, व्हिनेगर, मनुका आणि चिलगोजे यांत मुरवलेल्या तळलेल्या सार्डिन. सोबत वाइनचा लहान पेला, ‘ओंब्रा’. ही टीप ज्या मजकुराला आहे त्याच्या लेखकाने सान मार्को चौकालगत जेवून या शहराच्या स्वयंपाकाला नावे ठेवली आहेत. तो निवाडा मला अन्यायाचा वाटतो. रिआल्तो पुलापलीकडच्या सान पोलोतल्या गल्ल्यांत किंवा उत्तरेला कान्नारेज्योमधल्या मिझेरिकोर्दिया कालव्याकाठी व्हेनिसची चव अजून नीट भेटते.

दारात उभे राहून बोलावणारा माणूस आणि पदार्थांचे रंगीत फोटो दिसले, तर पुढे चालावे. रिआल्तोचा मासळीबाजार रविवारी-सोमवारी बंद असतो, म्हणून ताज्या मासळीचा बेत मंगळवारपासून पुढे करावा. मेनूवर पदार्थापुढे तारांकन असेल तर तो माल सहसा गोठवलेला असतो. ही खूण बारीक अक्षरांत उलगडलेली असते. अख्ख्या माशाचा भाव पुष्कळदा ‘एत्तो’वर, म्हणजे १०० ग्रॅमवर लिहितात. ८ युरोचा आकडा पाहून मागवलेला ६०० ग्रॅमचा मासा ४८ युरोंना पडतो, तेव्हा वजन आधी विचारावे. ‘कोपेर्तो’ ही बैठकीची माणशी आकारणी मेनूवर छापलेली असते, ती फसवणूक नव्हे. लेखकाचा राग बराचसा याच रकमेवर आहे.
— संपादक