सौदा मोडण्याची मुदत : टपालपेटीपासून ‘रद्द करा’पर्यंत

अहिल्यानगरच्या एखाद्या घरातून मोबाइलवर मिक्सरची ऑर्डर जाते आणि दहा मिनिटांत ती रद्दही होते. ना मनधरणी, ना वाद. ही सोय नवी वाटते. परंतु दिलेला शब्द कोणत्या क्षणापर्यंत मागे घेता येतो, हा प्रश्न जुना आहे, आणि नगर जिल्ह्याने त्याची फार मोठी किंमत मोजलेली आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलमे ४ आणि ५ टपाल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. पत्राने आलेला प्रस्ताव मान्य असल्याचे उत्तर समोरच्याने टपालात टाकले, की प्रस्ताव देणारा बांधला गेला. तोवर त्याला माघार घेता येते. स्वीकारणाऱ्याला थोडी अधिक सवड मिळते. त्याचे उत्तर प्रस्तावकाच्या हाती पडेपर्यंत तो मन बदलू शकतो. पत्र वाटेत असताना तारेने माघार कळवावी, हे तर कायद्यातील उदाहरणांतच सांगितले आहे. ग्राहकाविषयीची कणव यामागे नव्हती. माघारीला जागा मिळाली ती टपालाच्या संथपणामुळे.

नगरच्या कुणब्याला ही जागा मिळालीच नाही. तो सावकाराच्या ओट्यावर समोरासमोर बसून, वाचता न येणाऱ्या कागदावर नांगराची निशाणी करी. निशाणी झाली की सौदा पक्का. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पाहता पाहता नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि खते हस्तगत करून जाळायची, हाच बहुतेक ठिकाणचा क्रम. झालेला करार मोडण्याचा दुसरा मार्ग त्यांना उपलब्ध नव्हता, हे लक्षात घेतले की त्या जाळपोळीची संगती लागते.

चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कागदावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहाराचा इतिहास तपासणे आणि मुद्दल व व्याजाचा हिशेब वेगळा मांडणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरले. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकापुढे होणेही आवश्यक झाले. (या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पुढे महादेव गोविंद रानडे यांनीही पाहिले.) निशाणीच्या मागे जाऊन पाहण्याची वाट अशी उघडली, पण ती कोर्टातून जाणारी, वर्षांची वाट होती.

टपालाची सवड टेलिफोनने हिरावून घेतली. जुलै १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी विदर्भातील खामगावच्या एका तेलगिरणीशी सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर केला. माल आला नाही आणि दावा उभा राहिला. करार झाला कोठे? ऑगस्ट १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, की होकार जेथे ऐकू आला तेथे, म्हणजे अहमदाबादला. नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत भिन्न होते. १८७२ च्या शब्दांनुसार होकार जेथे उच्चारला गेला ते खामगावच करारस्थळ, असे ते म्हणाले. न्यायालयापुढचा वाद स्थळाचा असला, तरी एक गोष्ट त्यातून उघड होते: फोनवर बोलणे आणि ऐकणे यांत माघारीला फटच उरत नाही.

ऑनलाइन बाजाराने ती फट पुन्हा निर्माण केली. अनेक संकेतस्थळांच्या अटींनुसार ग्राहकाची ऑर्डर हा केवळ प्रस्ताव असतो. माल रवाना झाला, की स्वीकृती. तोवर ऑर्डर रद्द करणे म्हणजे कलम ५ मधील जुनी माघारच. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी त्यात भर घातली. कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करताना तसाच आकार सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही तो घेता येत नाही. आधीच खूण केलेल्या चौकटीला संमती मानण्यासही मनाई आहे. नांगराच्या निशाणीचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

युरोपीय संघात दूरस्थ खरेदीवर सर्वसाधारणपणे १४ दिवस विनाकारण माघारीचा हक्क आहे. भारतात तसा सर्वसाधारण हक्क नाही. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पण पार्सल निघाल्यावर केवळ मन बदलले, तर ग्राहकाला विक्रेत्याच्या परतीच्या अटींवरच अवलंबून राहावे लागते.