रानविद्या आणि सेटलमेंट

मारुती चितमपल्ली यांचे 18 जून 2025 रोजी सोलापुरात निधन झाले. ‘अरण्यऋषी’ हे विशेषण त्यांना इतके चिकटले होते की, हा ऋषी एका सरकारी प्रशिक्षणसंस्थेतून बाहेर पडला होता याचा सहज विसर पडतो. 1932 साली सोलापुरात, म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांच्या आणि हातमागांच्या गावी, जन्मलेला हा मुलगा 1958 मध्ये कोईमतूरच्या वन महाविद्यालयात दाखल झाला आणि दोन वर्षे तेथे राहून वनक्षेत्रपाल होऊन परतला. ज्या जिल्ह्यात सावलीसाठी बाभळ शोधावी लागते तेथला तरुण रान शिकायला परमुलखात गेला, यात नवल काही नाही. पण रान शिकवण्याची सोय खुद्द सोलापुरात नव्हती काय, हा प्रश्न आम्हांला पडला, आणि तो सोडवू लागल्यावर आम्ही भलत्याच ठिकाणी येऊन पोचलो.

आधी शाळेविषयी. डीट्रिख ब्रँडिस हे 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्यांच्या खटपटीतून 1878 साली डेहराडूनची वनशाळा निघाली. रानावरचा रयतेचा हक्क आखडणारा वनकायदाही त्याच वर्षीचा. शाळा आणि कायदा जुळी भावंडे होती, असे आम्ही समजतो. कोईमतूरचे महाविद्यालय 1912 चे, त्याच घराण्यातले. तंबू ठोकून रानात राहायचे, झाडांचे घेर मोजायचे, कूप आखायचे, साखळी टाकून हद्दी ठरवायच्या, घनफुटांचे हिशेब करायचे आणि कायद्याची कलमे पाठ करायची, अशी ही विद्या. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. रोज मैलोगणती चालण्याची आणि पाहिलेले त्याच रात्री टिपून ठेवण्याची सवय अशाच शिस्तीतून लागते. परंतु या विद्येत रान म्हणजे प्रामुख्याने लाकूड. आणि रानात राहणारा माणूस म्हणजे संभाव्य चोर.

चितमपल्लींचे खरे गुरू दुसरीकडे होते. लहानपणी आई आणि लिंबामामा. पुढे नोकरीत, विशेषतः नवेगाव-नागझिऱ्याच्या मुक्कामांत, गोंड आणि धीवर. तेथे माशांची, पाखरांची, झाडांची नावे अशा तोंडांतून येत होती, ज्यांना कोणत्याही महाविद्यालयाने प्रमाणपत्र दिले नव्हते. ‘रातनिवारा’सारखा शब्द मराठीत रुळवणाऱ्या, पक्ष्यांचे आणि माशांचे कोश सिद्ध करणाऱ्या या लेखकाने ते ऋण कधी लपवले नाही. 2006 मध्ये सोलापूरलाच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या व्यासपीठावर या निरक्षर गुरूंचीही विद्या बसली होती, असे म्हणायला हरकत नाही.

आता सोलापूर. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्यासाठी ज्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांतली एक मोठी वसाहत सोलापूरची. शहरात तिला अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. तारेचे कुंपण, हजेरी, बाहेर पडायला पास आणि गिरणीतले काम. कैकाडी, भामटे, कंजारभाट यांच्याबरोबर पारधीही या कुंपणाआड होते. मुंबई राज्यात हा कायदा 1949 मध्ये आणि देशभर 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. म्हणजे चितमपल्लींचे सारे बालपण ज्या गावात गेले, त्याच गावात माळाचे सर्वांत निष्णात वाचक कुंपणात कोंडलेले होते.

निष्णात हा शब्द आम्ही जपून वापरतो. तित्तर कोणत्या वाटेने धावेल, लावा कोणत्या गवतात दडेल हे फासेपारध्याला ठाऊक असे. त्याखेरीज फास लावणार कोठे? पाखराची साद हुबेहूब काढावी, पाळलेल्या गायीच्या आडोशाने पुढे सरकावे, वाऱ्याचा रोख सांभाळावा: हे शिक्षण पोराला बापाबरोबर पालावरच मिळे. त्याचा शेवट पाखराच्या मरणात होई हे खरे, आणि ते आम्ही झाकू इच्छित नाही. पण शिकाऱ्यांतून निसर्गज्ञ होण्याची वाट गोऱ्या साहेबाला मोकळी होती. जिम कॉर्बेट त्याच वाटेने गेला आणि त्याच्या नावाने राष्ट्रीय उद्यान झाले. पारध्याची वाट 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद केली; दुसरी कोणी दाखवली नाही.

सत्तरच्याच दशकात नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आणि 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर! त्यात शेते आली, गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि बिचाऱ्या पाखराला लोकांचे शिव्याशाप खावे लागले. पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरांवर आणले गेले. तोवर माळढोकच उरले नव्हते म्हणावे, इतके ते विरळ झाले होते. आम्ही नान्नजला गेलो तेव्हा काळविटांचे कळप मनमुराद पाहिले. माळढोक नाही.

दक्षिण आफ्रिकेत होतकरू वाटाडे महिनोन्‌महिने कुंपण नसलेल्या छावणीत राहून पायाचे ठसे वाचायला शिकतात. तेथे 1990 च्या दशकात लुई लीबेनबर्ग यांनी माग काढणाऱ्यांची परीक्षा सुरू केली; तीत अक्षरशत्रू माणसालाही केवळ ठशांच्या ज्ञानावर सर्वोच्च दर्जा मिळू शकतो. इतके दूर जायचे नसेल तर मध्य प्रदेशातील पन्ना पाहावे. 2009 पर्यंत तेथले सारे वाघ संपले. नंतर वाघ बाहेरून आणले गेले, आणि पारधी तरुणांना वाटाड्याचे शिक्षण देऊन त्यांच्याबरोबर पर्यटकांनी पायी रान पाहण्याची सोय झाली. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात फासेपारधी कुटुंबांनीच तणमोराच्या रक्षणात भाग घेतला आहे.

सोलापूरच्या माळावर लांडगा, खोकड, काळवीट आणि धाविक अजून आहेत. ते पाहायला लोक लांबून येतात आणि त्यांना वाटाड्या लागतो. सेटलमेंटपासून नान्नज वीसेक किलोमीटर. बार्शीच्या रस्त्याला एसटी मिळते.