धुऱ्यावर वसलेली शहरे

1853 साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला आणि 1861 पासून येथील शेतजमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने सुरू झाली. साखळी घेऊन शिवारे तुडविणाऱ्या त्या मोजणीदारांना सारा ठरविण्यापलीकडे कशाशी कर्तव्य नव्हते. तथापि अमरावती आणि अकोला या शहरांची आजची ठेवण ज्याला उलगडावयाची असेल, त्याला त्या सारा-मोजणीच्या नकाशापाशीच यावे लागते. वेशी आणि किल्ले यांचा इतिहास त्या मानाने थोडेच सांगतो, असे माझे मत आहे.

अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांच्या धास्तीने 1807 साली निजामाच्या अमलात बांधावयास घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. आत सावकार, बाहेर रुई वाहणारे बैलतांडे. पुढे 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोचला, तो अमरावतीस वगळून बडनेऱ्यावरून, आणि शहराला एका फाट्यावर समाधान मानावे लागले. अकोल्याचे दैव निराळे. असदगड किल्ला आणि जुनी वस्ती मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर राहिली. पूर्वेकडे, ताजनापेठेच्या अंगाला, कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग पैसा गेला. त्या पैशामागे कुणब्याची कोणती विपत्ती होती, हे लक्ष्मण सत्य यांच्या 1850 ते 1900 या काळातील वऱ्हाडचा कापूस व दुष्काळ यांवरील ग्रंथात पाहावे.

नगराची पाहणी हा विद्यापीठीय विषय आहे, ही जाणीव आपल्याकडे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1919 साली मुंबई विद्यापीठात आले तेव्हापासूनची. धनंजयराव गाडगीळांच्या पुणे शहराच्या पाहणीचा पहिला भाग 1945 मध्ये निघाला. आता उपग्रहाचे छायाचित्र हाताशी आहे. जुन्या नकाशावरील विहीर, देऊळ, वेस अशी न हललेली ठिकाणे हेरून तो नकाशा छायाचित्रावर बसविला, की एक मौज दृष्टीस पडते. शेते अकृषिक होऊन जे लेआउट पडले, त्यांतील रस्ते शेजारच्या लेआउटच्या रस्त्यांशी जुळत नाहीत. चांगला सरळ चाललेला रस्ता एकाएकी कुंपणाला जाऊन थडकतो. लोक नगरपालिकेला बोल लावतात. पण ते कुंपण बहुधा जुना धुरा, म्हणजे शेताचा बांध, असते. एका सर्व्हे नंबरचा मालक आपल्या सोयीने प्लॉट पाडतो, शेजारी आपल्या सोयीने, आणि एके काळी जेथे तिफण वळत असे तेथे आज मोटार अडते. खरेदीखताच्या चतुःसीमेत हे सारे नमूद असते, परंतु चतुःसीमा वाचतो कोण!

1901 साली अमरावतीची वस्ती सुमारे 34 हजार व अकोल्याची 29 हजार होती. 2011 मध्ये ती अनुक्रमे साडेसहा लाख आणि सव्वाचार लाखांच्या घरात गेली. 1983 साली अमरावतीस महानगरपालिका झाली, बडनेरा तिच्या हद्दीत आले, आणि त्याच वर्षी येथे स्वतंत्र विद्यापीठही स्थापन झाले. अकोल्याने 2016 च्या हद्दवाढीत उमरी, मलकापूर ही गावे पोटात घेतली. शिरगणती माणसे मोजते. ती कोणाच्या शेतावर राहावयास आली, हे सांगणारी नझूल शीटे आणि गावनकाशे भूमी-अभिलेखाच्या दप्तरात आहेत. विद्यापीठाने त्यांच्या नकला मागवाव्यात, भूगोल आणि इतिहास यांच्या विद्यार्थ्यांना एकेक मौजा वाटून द्यावा, आणि कागद जीर्ण होण्यापूर्वी हे काम हाती घ्यावे.